तुम्ही विचारलंत म्हणून: रात्रशाळेत खरंच शिकवतात का?

दहावी कुठून केली हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. “रात्रशाळेत खरंच शिकवतात का गं, की नुसती हजेरी?” ऑफिसात विचारतात, लग्नकार्यात विचारतात, परवा तर नोकरीच्या मुलाखतीतही विचारलं. एरवी मी ‘शिकवतात हो’ म्हणून विषय बदलते. आज बदलणार नाही.

तुमचं म्हणणं अगदीच खोटं नाही. आमचे काही तास व्हायचेच नाहीत. दिवसाच्या शाळेत नोकरी असलेले शिक्षक २०१७ साली रात्रशाळांतून कमी केले गेले. माझ्या वेळी गणित आणि विज्ञान एकाच सरांकडे होतं आणि इंग्रजीला वर्षातला बराच काळ कुणी नव्हतं. ते इंग्रजी मी आता पगारातून क्लास लावून शिकतेय, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. पण साडेसहाचा तास सुरू व्हायचा तेव्हा अर्धे बाक रिकामे असायचे, हेही ऐका. कुणी वडापावच्या गाडीवरून यायचं, कुणी कुरिअर वाटून, मी परळच्या एका कपड्याच्या कारखान्यात दिवसभर धागे कापून. बोर्डाचा पेपर मात्र दिवसाच्या मुलांना तोच आम्हालाही.

जानेवारी २०२०. सराव परीक्षा, भूमितीचा पेपर, ४० मार्क, दोन तास. कारखान्यात ऑर्डर निघायची होती म्हणून आदल्या रात्री उशिरापर्यंत ओव्हरटाइम झालेला. पहिला प्रश्न लिहिला, आकृतीसाठी कंपासपेटी उघडली आणि तिथेच बाकावर डोकं टेकलं. जाग आली तेव्हा वर्ग रिकामा होता. सर टेबलाशी पेपर लावत होते. त्यांनी मला उठवलं नव्हतं.

मी भांडले. “उठवलं का नाही? नापास झाले तर परत फी कोण भरणार?” सरांपुढे तोपर्यंत मी मान वर करून बोलले नव्हते. ते म्हणाले, “बोर्डाच्या पेपरला झोपू नयेस म्हणून आज झोपू दिलं.” मला ती सरळसरळ पळवाट वाटली. दमलेला माणूस, तेवढीच शांतता मिळाली असेल, असंच मनात आलं.

शिपाईकाका कुलूप घेऊन दारात उभे होते. त्यांना थांबायला सांगून सर फळ्याकडे गेले. वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका. केंद्र आणि तो बिंदू जोडायचा, लंबदुभाजकाने मध्य काढायचा, तिथून दुसरं वर्तुळ. दोन्ही वर्तुळं छेदतात तिथे स्पर्शबिंदू. “हे पाठ करायचं नसतं, हाताला बसतं,” म्हणाले, “आणि तुझा हात सरळ चालतो.” त्या दिवसापासून मार्चपर्यंत, शेवटच्या तासानंतर रोज एक रचना आणि एक प्रमेय. सिद्धता आठवली नाही तरी पक्ष, साध्य आणि आकृती कोरी सोडायची नाही, हे त्यांनी माझ्याकडून इतक्यांदा घोकून घेतलं की भूमितीची भीती कधी गेली ते कळलंच नाही. शेठने सुट्टी दिली ती फक्त पेपरच्या दिवसांची. अभ्यास झाला तो त्या कुलूप लागण्याआधीच्या वेळात. ह्याला शिकवणं म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

तरीही तेव्हाची, एकोणीस वर्षांची मी ऐकत नाही. ती म्हणते, उठवायला हवं होतं, नाहीतर सराव परीक्षा घेतात कशाला? मी तिला सांगते, त्या आठवड्यात शेठने, घरच्यांनी, कुणीच तुला झोपू दिलं नव्हतं. एका माणसाने दिलं. ती म्हणते, मग नंतरची रचना त्याने अपराधी वाटलं म्हणून शिकवली असेल. असेलही. मला तिचं तोंड बंद करता येत नाही.

शेवटच्या पेपरनंतर पेढे घेऊन शाळेत जायचं ठरलं होतं. २३ मार्चचा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला, मग रद्दच झाला. शाळा बंद, कारखाना बंद. २९ जुलैला निकाल लागला, भूमिती निघाली, आणि सरांचे आभार फोनवर मानावे लागले. भरभरून मानले, रडलेही. पण त्या झोपेबद्दल विचारलं नाही. विचारलं तर सर मला बरं वाटेल असंच काहीतरी सांगतील, हे मला माहीत आहे. पुढच्या वर्षी ते निवृत्त होतायत. तोवर विचारेन की नाही, ते अजून ठरत नाही.