ओपीडीच्या लघवीच्या कल्चरवरून वर्षाचा अँटिबायोग्राम: माझा अनुभव

गावात कुठलं अँटिबायोटिक अजून चालतं आणि कुठलं बाद होत आलंय, हे वॉर्डातल्या पेशंटच्या रिपोर्टांवरून कळत नाही. दवाखान्यात आठ दिवस पडून असलेल्या माणसातले जंतू वेगळे आणि घरून चालत आलेल्या माणसातले वेगळे. म्हणून ओपीडीच्या लघवीच्या नमुन्यांचा वर्षाचा अँटिबायोग्राम, म्हणजे कुठल्या जंतूवर कुठलं औषध किती टक्के चालतं याचा तक्ता, मी वेगळा करायला घेतला. हा तक्ता कागदावर कमी आणि जंतू वाढवायच्या प्लेटवर जास्त बनतो.

पहिली गडबड नमुना घेतानाच होते. जागा पाण्याने धुवून घ्यायची, सुरुवातीची धार सोडून द्यायची आणि मधली धार डबीत धरायची, हे नुसतं सांगून भागत नाही, पेशंटकडून वदवून घ्यावं लागतं. डबीवर नावाबरोबर वेळही लिहायची. दोन तासांत प्लेट लावता येणार नसेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवायची, तीही २४ तासांच्या आतच लावायची. उबेत ई. कोलाय हा जंतू साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो, त्यामुळे बाहेरून पडलेले चार जंतू दुपारपर्यंत इन्फेक्शनएवढे दिसू लागतात. "ताई, गोळी सुरू केलीय का?" हे मी डबी हातात घेतानाच विचारतो आणि उत्तर फॉर्मवर लिहितो. पहिला डोस पोटात गेला की कल्चर, म्हणजे प्लेटवर जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, कोरं येऊ शकतं.

सीएलईडी या माध्यमाच्या प्लेटवर १ मायक्रोलिटरच्या लूपने (मापाच्या कडीने) लघवी पसरवतो. लूप उभी धरून पृष्ठभागाच्या जरासं खाली टेकवायची. डबीत खोल बुडवली तर दांडीला लागलेली लघवीही प्लेटवर येते आणि मोजणी फुगते. दुसऱ्या दिवशी १०० कॉलनी (जंतूंचे ठिपके) दिसल्या तर एका मिलिलिटरला १ लाख जंतू. तीन किंवा अधिक प्रकारच्या कॉलनी आल्या तर ती भेसळ समजून नमुना पुन्हा मागवतो. अशा प्लेटवर सेन्सिटिव्हिटी (जंतूवर कुठलं औषध चालतं ही तपासणी) लावू नये, आकडा मिळतो पण तो कुणाचा हे कळत नाही.

सेन्सिटिव्हिटीत जंतू पसरलेल्या प्लेटवर औषधाच्या कागदी चकत्या (डिस्क) ठेवतात आणि भोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ (झोन) मोजतात. त्यासाठी म्युलर-हिंटन अगार या माध्यमाची जाडी ४ मि.मी. हवी, म्हणजे ९० मि.मी.च्या प्लेटला साधारण २५ मि.लि. अगार. माध्यम वाचवायला कमी ओतलं की औषध खाली न जाता बाजूला पसरतं, झोन मोठा येतो आणि रेझिस्टंट (औषधाला दाद न देणारा) जंतू सेन्सिटिव्ह (औषध लागू पडणारा) वाटतो. अंगावर येणारी चूक हीच, कारण त्या रिपोर्टवर दिलेली गोळी लागू पडत नाही. जाड प्लेटवर उलटं घडतं. एकसारख्या चार-पाच कॉलनी सलाइनमध्ये मिसळून गढूळपणा ०.५ मॅकफार्लंड या ठरलेल्या मापाच्या नळीशी जुळवायचा, मागे काळ्या रेघांचं कार्ड धरून. पंधरा मिनिटांच्या आत स्वॅब (कापसाची काडी) त्यात बुडवून नळीच्या भिंतीवर दाबून निथळायचा आणि प्लेट दर वेळी ६० अंशांनी वळवत तीनदा तिच्यावर फिरवायचा. एका प्लेटवर पाचपेक्षा जास्त डिस्क मी ठेवत नाही. डिस्क एकदा टेकली की हलवायची नाही, औषध त्याच क्षणी अगारमध्ये उतरायला लागतं. डिस्कची बाटली फ्रिजमधून काढल्या काढल्या उघडू नये. आत दव धरतं आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्लासारखी नाजूक औषधं ओलाव्याने निकामी होतात.

डिस्कच्या प्रत्येक नव्या लॉटबरोबर ई. कोलाय एटीसीसी २५९२२ हा पडताळणीचा प्रमाण जंतू लावतो. त्याचा झोन जेंटामायसिनला १९ ते २६ मि.मी. आणि नायट्रोफ्युरँटॉइनला २० ते २५ मि.मी. यायला हवा. तो चुकला तर त्या दिवशीचे पेशंटचे रिपोर्ट थांबवायचे, मग डॉक्टरांचे कितीही फोन येवोत.

सेफोटॅक्झिमची डिस्क अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटपासून २० मि.मी.वर ठेवली तर कधी कधी सेफोटॅक्झिमचा झोन नीट गोल न येता क्लॅव्ह्युलॅनेटच्या बाजूला फुगतो, जुन्या कुलपाच्या भोकासारखा. ही ईएसबीएल या एन्झाइमची खूण. तिसऱ्या पिढीची सेफालोस्पोरिन्स, म्हणजे सेफोटॅक्झिमसारखी औषधं, फोडणारं हे एन्झाइम असा जंतू बनवतो आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल ते अडवतं. खात्रीसाठी सेफोटॅक्झिम आणि सेफ्टाझिडिम, दोन्हींच्या क्लॅव्ह्युलॅनिक आम्लासह आणि त्याशिवाय अशा डिस्क लावतो. दोन्हींपैकी एकातही झोन ५ मि.मी. किंवा जास्त वाढला की शिक्कामोर्तब. झोनच्या आत दोन-चार सुट्या कॉलनी दिसल्या तर त्या दिसल्याच नाहीत असं वागू नये. त्या उचलून शुद्ध करून पुन्हा तपासायच्या.

जगभर पसरलेलं यातलं एन्झाइम म्हणजे सीटीएक्स-एम-१५. ते पहिल्यांदा ओळखलं गेलं १९९९ साली नवी दिल्लीत मिळालेल्या जंतूंमध्ये. त्याचं जनुक बहुतेक वेळा प्लाझ्मिडवर, म्हणजे जंतूतल्या डीएनएच्या सुट्या तुकड्यावर, असतं, आणि प्लाझ्मिड एका जंतूकडून शेजारच्या जंतूकडे जातं. त्याच प्लाझ्मिडवर जेंटामायसिन आणि कोट्रायमोक्साझोलला दाद न देणारी जनुकंही अनेकदा असतात. म्हणून कोट्रायमोक्साझोल घेतलेल्या माणसाच्या आतड्यात सेफालोस्पोरिनला न जुमानणारा जंतू टिकून राहतो, सेफालोस्पोरिन कधी न घेताही. तो महिनोन्‌महिने गुपचूप असतो आणि हात, अन्न, पाणी यांतून घरातल्या दुसऱ्याकडे जातो. दवाखान्याची पायरीही न चढलेल्या बाईच्या लघवीत तो सापडतो, तो असा.

आता तक्ता. मी डब्ल्यूएचओचं मोफत सॉफ्टवेअर व्होनेट वापरतो. एका पेशंटचा एका प्रजातीचा वर्षातला फक्त पहिला जंतू धरायचा. समजा ३० पेशंटपैकी १५ जणांचा जंतू सिप्रोफ्लॉक्सासिनला सेन्सिटिव्ह आहे, म्हणजे ५० टक्के. त्यातला एक रेझिस्टंट पेशंट आणखी दहा वेळा आला आणि सगळी कल्चरं मोजली, तर ४० पैकी १५, म्हणजे ३७.५ टक्के. गाव तेच, आकडा वेगळा.

याहून मोठी अडचण म्हणजे कल्चर पाठवतात कुणाचं? दोन कोर्स होऊनही जळजळ थांबली नाही त्यांचं. असे नमुने गोळा केले की गावातला रेझिस्टन्स खऱ्यापेक्षा जास्त दिसतो आणि घाबरून डॉक्टर थेट वरच्या इंजेक्शनवर जातात. यावर मी फॉर्ममध्ये तीन रकाने घातले: गेल्या तीन महिन्यांत अँटिबायोटिक, गेल्या तीन महिन्यांत ॲडमिशन, कॅथेटर (लघवीची नळी). तिन्हींना 'नाही' असेल तो पेशंट वेगळ्या गटात. शिवाय ठरावीक आठवड्यांत ओपीडीला आलेल्या प्रत्येक साध्या मूत्राशयाच्या इन्फेक्शनचा नमुना, औषध सुरू करण्याआधी, ओळीने पाठवावा असं डॉक्टरांशी ठरवलं. ही विनंती दर आठवड्याला नव्याने करावी लागते.

तक्त्यात नायट्रोफ्युरँटॉइनचा रकाना मी ठळक ठेवतो. झोन १७ मि.मी. किंवा जास्त म्हणजे सेन्सिटिव्ह, १४ किंवा कमी म्हणजे रेझिस्टंट. पण खाली टीप हवीच: हे औषध फक्त मूत्राशयापुरतं. ताप आणि पाठीत कळ असेल तर चालणार नाही, आणि प्रोटियस या जंतूवर ते मुळातच चालत नाही. लक्षणं नसताना लघवीत जंतू सापडले तर गर्भवती किंवा मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रियेआधीचे पेशंट सोडून सहसा औषध द्यायचं नाही, हेही मी रिपोर्टवर लिहितो.

ज्या जंतूचे तीसपेक्षा कमी नमुने असतील त्याची टक्केवारी छापत नाही. दोन वर्षं एकत्र करतो किंवा चौकट रिकामी ठेवतो. प्रत्येक टक्क्याखाली बारीक अक्षरात नमुन्यांची संख्या असते. एका पानाचा हा तक्ता ओपीडीच्या टेबलावर काचेखाली ठेवायला देतो, आणि जानेवारीत जुना काढून घेतो.