स्टेशनाबाहेर सायकल मिळायलाच हवी

आज भुसावळहून सकाळच्या गाडीने जळगावला उतरलो. काम मेहरूणला होतं. ओळखीच्या सायकल दुरुस्तीवाल्या काकांकडून दिवसभरासाठी सायकल घेतली. त्यांनी पाना लावून सीट खाली केली, मागचं चाक अंगठ्याने दाबून पाहिलं, थोडी हवा मारली आणि वहीत नाव लिहिलं. पूर्वी तासावर सायकली द्यायचे ते. "आता कोनी इचारत नाही, भाऊ," म्हणाले. वाईट वाटलं.

कारण सायकल विचारणारे आहेत! रोज अप-डाऊन करणारी कॉलेजची पोरं, नोकरदार बायका. रिक्षाचं भाडं तिकिटापेक्षा जास्त होतं त्यांचं. शहर बरंचसं सपाट. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो हे खरं, पण सकाळी आठला काय अडचण?

नेदरलँड्समध्ये रेल्वेच्या प्रवासकार्डावरच स्टेशनातून सायकल भाड्याने मिळते, चोवीस तासांच्या हिशोबाने. तिथल्या उट्रेख्ट स्टेशनच्या सायकलतळावर (पार्किंगमध्ये) १२,५०० सायकली मावतात. आपल्याला एक शेड, पन्नासेक सायकली आणि काकांसारखा एक जाणता माणूस पुरे.

स्टेशन प्रबंधकांच्या नावे अर्ज लिहायला घेतलाय. अप-डाऊनवाल्यांनो, दिवसाचं किती भाडं परवडेल ते कळवा, अर्जात घालतो.