लागलं का?

परवा दुपारी जेवून आडवा पडलो होतो. मोबाइल चाळता चाळता एक व्हिडिओ समोर आला: एक गृहस्थ शंभरेक वर्षांपूर्वीचा पियानो लावत बसलेले. अमेरिकेतल्या एओलियन कंपनीचा ड्युओ-आर्ट. वादक नाही, पट्ट्या आपल्याआप खाली-वर. कागदाच्या गुंडाळीतलं भोक पितळी पट्टीवरच्या छिद्रासमोर आलं की हवा आत शिरते, झडप हलते, इवलासा भाता मिटतो आणि सूर वाजतो.

असं यंत्र हाती आलं तर कोणीही आधी पादेरेव्स्की ऐकेल, म्हणजे त्या नामवंत पियानोवादकाचं गुंडाळीत नोंदवलेलं वादन. हे गृहस्थ मात्र टेस्ट रोल, म्हणजे यंत्र तपासायची गुंडाळी, लावून बसलेले. एकेक पट्टी नुसती टुक टुक टुक. मग कागदावर एक रेघ आली, यांनी घड्याळ लावलं. वेगाचा काटा ७० वर असेल तर मिनिटाला ७ फूट कागद सरकलाच पाहिजे! मग आवाजाच्या पायऱ्या: १, २, ४, ८ अशा मापांनी मिटणारा घडीचा भाता, त्यांच्या बेरजांतून शून्य ते पंधरा. मुख्य सुरावटीला एक भाता, साथीला दुसरा.

मी शेवटपर्यंत पाहिलं. खोड जुनीच. गणपतीतल्या गाण्याला मी जायचो ते तबलजींची हातोडी बघायला. पेटीवाले काका एक पट्टी दाबून बसायचे. तबलजी तबल्याच्या लाकडी गट्ट्यावर ठोका घालणार, कान खाली नेऊन टिचकी मारणार, मान हलवणार, काठाच्या गजऱ्यावर पुन्हा ठोका. गाणं सुरू झालं की मी आईच्या मांडीवर गाढ.

व्हिडिओतल्या गृहस्थांचा सगळ्यात वेळ गेला तो आवाजाच्या शून्यावर. शून्य म्हणजे गप्प नव्हे. सूर जेमतेम उमटेल इतकी हवेची ओढ. स्क्रू जरासा इकडे, चारातले दोन सूर गळाले. जरासा तिकडे, चारही वाजले, पण दणदणीत. पुन्हा इकडे. ते मधेच तोंडाने ‘हं’ म्हणायचे, अगदी आपल्या तबलजींसारखे.

हे शून्य चुकलं तर पादेरेव्स्कींनी हळुवार सोडलेला सूर वाजतच नाही, आणि ऐकणारा समजतो, त्यांनी तो वाजवलाच नव्हता. १९१९ साली पोलंडचे पंतप्रधान होते ते. १९४१ साली गेले. आता तक्रार तरी कोण करणार?