तारेखालचा पांढरा डाग

लेकीच्या दातांना तार लावून पाच महिने झाले, अजून वर्षभर तरी लागेल म्हणालेत, आणि मागच्या शनिवारी दादरला तार घट्ट करायला गेलो तेव्हा जे बघितलं ते लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. डॉक्टरांनी वरच्या समोरच्या दोन दातांच्या बाजूचा दात हवा मारून कोरडा केला आणि मला म्हणाल्या, ताई, जरा जवळ या. ब्रॅकेट (तार अडकवायला दातावर चिकटवलेला छोटा तुकडा) आणि हिरडीच्या मधे जी बारीक पट्टी उरते ना, तिथे खडूने ओढल्यासारखा पांढरा डाग, नखाच्या चंद्रकोरीएवढा. दात ओला होता तोवर मला काहीच दिसलं नव्हतं.

मला वाटलं काहीतरी चिकटलंय, ब्रशने जाईल. पण ती किडीची सुरुवात होती.

खरं सांगते, मला फार वाईट वाटलं, कारण पोरीने काय काय सोडलं होतं! चिक्की बंद, चॉकलेट बंद, पेरूसुद्धा बारीक फोडी करून. पण तो सगळा जपणूकीचा प्रकार बराचसा ब्रॅकेट निघू नये म्हणून असतो, इनॅमलचं, म्हणजे दाताच्या वरच्या कडक थराचं, गणित वेगळं आहे हे मला तेव्हा कळलं. डॉक्टरांनी विचारलं, दिवसभरात किती वेळा काहीतरी तोंडात जातं? आणि माझ्या डोळ्यासमोर तिची बाटली आली. उन्हाचं म्हणून मीच लिंबू सरबत भरून द्यायचे, आणि ती मुलुंड ते दादर लोकलमध्ये, मग क्लासमध्ये, मग परत येताना, घोट घोट पीत असायची.

दातावरच्या थरातले जंतू साखर खाऊन आम्ल सोडतात, लिंबाचं आम्ल वर आहेच, आणि तोंडातला पीएच (आम्लपणा मोजायचा आकडा, कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधलं कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळायला लागतं. लाळ ते हळूहळू परत भरून काढते, पण तिला मधे वेळ मिळायला हवा ना, दर दहा मिनिटांनी एक घोट म्हटल्यावर कुठून मिळणार? त्यात ब्रॅकेटच्या कडेला थर साचून बसतो, तिथे लाळ नीट फिरत नाही, त्यामुळे महिनाभरातसुद्धा असा डाग पडू शकतो. आणि इनॅमल एकदा गेलं की शरीर नवीन बनवत नाही. डाग आहे तोवर, खड्डा पडायच्या आधी, तो तिथेच थांबवता येतो, एवढाच काय तो दिलासा.

आता बाटलीत साधं पाणी. सरबत प्यायचंच तर जेवणाबरोबर एकदाच, आणि त्यानंतर लगेच ब्रश नाही, अर्धा तास थांबायचं. पेस्ट बदलली, आमची आधीची आयुर्वेदिक होती त्यात इनॅमलला किडीपासून जपणारं फ्लोराइडच नव्हतं, आता पाकिटावर फ्लोराइड १००० पीपीएम लिहिलेली बघून आणली. रात्री ब्रश झाला की थुंकायचं फक्त, खळखळून चूळ भरायची नाही, फ्लोराइड दातावर राहू द्यायचं (ही सवय मोडायला आम्हाला सगळ्यात जास्त त्रास झाला, आजी तर अजून ओरडते). तारेखालून घालायला तो बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसणारा छोटा ब्रश. आणि दर तीन महिन्यांनी डॉक्टर फ्लोराइड वार्निश लावणार आहेत.

सगळ्यात उपयोगी पडली ती रंगाची गोळी. चावून चूळ भरली की जिथे थर राहिलाय तिथे जांभळं दिसतं. काल रात्री बेसिनपाशी दोघी उभ्या राहिलो, तिने ओठ वर केला, डावी बाजू बऱ्यापैकी स्वच्छ आणि उजव्या सुळ्याच्या वर, बरोब्बर त्याच पट्टीत, जांभळी रेघ. उजव्या हाताने ब्रश करताना तिचा हात तिथे वळतच नव्हता. आई थांब, म्हणाली, आणि ब्रश वरून तिरका धरून ती रेघ जाईपर्यंत घासत राहिली. आज सकाळी मी काही न सांगता तिने उजवीकडूनच सुरुवात केली.