सावडीला रकाना नव्हता

फेब्रुवारी संपत आला होता. माण तालुक्यातल्या एका गावात आम्ही शेतीखर्चाचं सर्वेक्षण करत होतो. दिवसाला चार घरं करायची आणि रात्री मुक्कामावर आलं की टॅबवरून माहिती पाठवून द्यायची. तिसऱ्या दिवशी सकाळीच पर्यवेक्षकांचा फोन आला. "कालचा सात नंबरचा फॉर्म परत बघा. घरात दोन बायका, मजुरी शून्य, आणि अडीच एकर शाळू तीन दिवसांत काढलाय. असं होत नाही. आजी विसरल्या असतील."

मलाही तसंच वाटलं. एवढा शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, दोघींच्यानं तीन दिवसांत निघत नाही. पुन्हा त्या वस्तीवर गेले. आजी खळ्याच्या कडेला बसून कडब्याच्या पेंढ्या बांधत होत्या. मुलगा वाशीच्या बाजारात माथाडी, घरी आजी आणि सून. मला पाहून त्यांनी हातातली पेंढी गुडघ्याखाली दाबली, बंध पिळून आत खोचला आणि म्हणाल्या, "आलीस व्हय परत? काय राह्यलं?"

"आजी, काढणीला बाया किती लावल्या होत्या?"

"एक बी न्हाय."

"मग तीन दिवसांत शाळू निघाला कसा?"

"सावडीनं की!"

काल मी विचारलं होतं, 'रोजानं किती माणसं लावली?' त्याचं खरं उत्तर शून्यच होतं. फॉर्मात मजुरीचे रकाने दोनच: घरचे आणि रोजंदारीचे. सावडीला आलेली बाई घरची नसते आणि रोजंदारीचीही नसते. आज ती माझ्या रानात राबते, उद्या मी तिच्या रानात. हिशेब दिवसाचा, पैशाचा नाही.

आजी बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत मोजू लागल्या. आठ बाया, तीन दिवस, म्हणजे चोवीस दिवसांचं देणं. त्यातले सतरा दिवस सासू-सुनेनं दुसऱ्यांच्या रानात जाऊन फेडले होते, सात राहिले होते. कुणाचे किती, कुणाकडे हरभरा काढायला जायचं, कुणाचा गहू अजून उभा आहे, सगळं तोंडपाठ. कागदाचा एक कपटा नाही.

मी ते वहीत उतरवत होते आणि मनात वेगळीच आकडेमोड चालली होती. या चोवीस दिवसांना चालू रोज लावला आणि आजी-सुनेच्या राबण्यालाही लावला, तर हा शाळू सरळ तोट्यात जातो. मी तसं बोलूनही दाखवलं. आजींना राग आला नाही, नवल वाटलं. "घरच्या मानसाचा रोज कुनी मांडतं व्हय? आन् दान्याचं सोड, कडबा न्हाय निघाला तर दावनीला टाकू काय?" दोन म्हशी आणि एक गाय दावणीला होती. आमच्या फॉर्मात कडबा 'दुय्यम उत्पादन' म्हणून शेवटच्या पानावर. माणसारख्या दुष्काळी मुलखात शाळू दाण्याइतकाच कडब्यासाठीही पेरला जातो, मालदांडी हीच जात हवी असते, कारण तिचं ताट उंच आणि जनावर ते आवडीनं खातं. हे शेवटच्या पानावरून कुणाला कळणार?

रशियात कृषी अर्थतज्ज्ञ अलेक्झांडर चायानोव यांनी शंभर वर्षांपूर्वी हेच मांडलं होतं. शेतकरी कुटुंब स्वतःच्या कष्टाला मजुरी लावून नफा-तोटा काढत नाही. घराची गरज आणि अंगाला पडणारे कष्ट यांचा मेळ घालतं. हे त्यांना सुचलं ते घरोघर जाऊन गोळा केलेल्या माहितीतून. तिथल्या झेम्स्त्वो या स्थानिक संस्थांचे गणक माझ्यासारखेच वह्या घेऊन गावं हिंडत. चायानोव यांना १९३० मध्ये अटक झाली आणि १९३७ मध्ये गोळी घालण्यात आली. शेतकऱ्याला न विचारता शेती बदलू निघालेल्या सत्तेला ते नको होते.

आपल्याकडे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर गावाची पाहणी करून ती १९१७ मध्ये छापली. १७७१ मध्ये तिथे सरासरी खातं ४० एकरांचं होतं, १९१५ च्या सुमारास ते ७ एकरांवर आलं होतं. त्या रानांवर आता टॉवर उभे आहेत. त्या वेळी कुणी पट्टी-पट्टीनं रान पाहिलं म्हणून आपल्याला एवढं तरी सांगता येतं. सावड आज मोजली नाही, तर उद्या ती होती हे कोण सांगणार? मळणी यंत्र आलं, पोरं शहरात गेली, सावडीला येणारे हात कमी होत चाललेत. आजीच म्हणाल्या, त्यांच्या तरुणपणी वीस-वीस बायांची सावड असायची.

सावड म्हणजे सगळा गोडवा, असंही नाही. गावातल्या भूमिहीन घरांतल्या बायका आल्या होत्या का, असं मी विचारलं. "त्येंला रान न्हाय. आमी फेडायचं कशात?" असं आजी सहज बोलून गेल्या. ज्यांच्याकडे रान नाही त्यांना या देवाणघेवाणीत जागाच नाही. त्यांना रोजानंच जावं लागतं. हे ऐकून मी थांबले. तेही लिहिलं. गावाचा अभ्यास करायचा तर गावाचा हा उंबरठाही दिसायला हवा.

दुपारी पर्यवेक्षकांना फोन करून सांगितलं, फॉर्म बरोबर आहे, रकाना चुकलाय. ते जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "शेरा लिहा, सविस्तर लिहा. आणि बाकीच्या घरांनाही विचारा." पुढच्या चार दिवसांत मी प्रत्येक उंबऱ्यावर पहिला प्रश्न सावडीचा केला. आधीच्या दोन दिवसांतल्या आठ घरांकडेही परत गेले. त्यांतल्या पाच घरांत सावड निघाली.

निघताना आजी म्हणाल्या, "काय लिव्हलंस त्ये वाच बघू." मी एकेक नाव वाचत गेले. एका तरुण बाईपुढे मी तिसऱ्या दिवसाचा अर्धा दिवस धरला होता. तान्हं पोर होतं म्हणून ती दुपारीच घरी गेली, असं सुनेनं सांगितलं होतं. आजींनी हात वर करून मला थांबवलं.

"आर्धा नगं लिव्हू. तान्हं लेकरू हाय तिचं. सगळा दिस लिव्ह."

मी खोडलं आणि एक लिहिलं.