री लावून बोला

मिरजेहून हुबळीकडे निघालेल्या गाडीने कुडची मागे टाकली की डब्यातली मराठी विरळ होत जाते आणि ‘री’ सुरू होतं. समोरच्या बाकावरचे धोतर-टोपीवाले गृहस्थ फोनवर ओरडत असतात, ‘हौद्री… इल्री… आत्री… बर्तेन्री!’ वाटावं, बांधावरून भांडण जुंपलंय. प्रत्यक्षात होय जी, नाही जी, झालं जी, येतो जी एवढंच चाललेलं असतं. आवाज चढा आणि आदर पुरेपूर, हा धारवाडी कन्नडचा थाट. म्हैसूरकडची कन्नड मऊ खरी, पण मला विचाराल तर जीव हिच्यात जास्त.

बाजारात तर मजाच. भाजीवालीने ‘एन बेक्री?’ म्हटलं की नवखा मराठी माणूस पाव-खारी शोधू लागतो. ती बिचारी काय हवं ते विचारत असते. नको असेल तर ‘ब्याड्री’ म्हणावं. बंगळुरात कांदा ईरुळ्ळी, इथे उळ्ळागड्डी. बटाटा मात्र बटाटीच. खूप म्हणजे तिकडे ‘तुंबा’, इकडे ‘भाळ’. चांगलं ते ‘छलो’. आणि ‘खरे’ म्हणजे खरंच खरं. 1956 पर्यंत धारवाड, बेळगाव, विजापूर मुंबई राज्यात होते. कचेरीत, शाळेत, पेठेत दोन्ही भाषांची ऊठबस. मग शब्द कुंपणाच्या आत किती राहणार? आपले अण्णा, अक्का आणि वरणभातावरचं तूपही तिकडूनच आलंय.

मात्र ओळखीच्या शब्दावर फार विसंबू नये. ‘आयी’ म्हणजे तिकडे बऱ्याच घरांत आजी. आणि गिरमिट मागितलं तर सुताराचं हत्यार येत नाही. चिंच-गुळाच्या कांदेमसाल्यात कालवलेले चुरमुरे, वर फुटाण्याच्या डाळीची पूड, कच्चा कांदा, कोथिंबीर आणि शेजारी गरम मिरचीभजी! भजीशिवाय गिरमिट खाणाऱ्याला धारवाडात काय म्हणतात ते इथे लिहीत नाही.

द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी. पण ‘अंबिकातनयदत्त’ या नावाने त्यांनी कविता लिहिली ती कन्नडमध्ये, आणि तीही याच रांगड्या बोलीच्या ठेक्यात. 1973 चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं. तरी कन्नड सिनेमात हसू हवं असलं की अजूनही एखादं पात्र ‘री’ लावून बोलू लागतं. हसणारे हसोत. धारवाडकर बंगळुरात जाऊनही उळ्ळागड्डीच मागतो, आणि भाजीवाला निमूट तोलून देतो.