मोठी घ्या, मोठी!

लहान वस्तू सोपी असते असं आपण का धरून चालतो, कोण जाणे. चाळिशी उलटल्यावर बॉक्सिंग शिकायचं डोक्यात शिरलं आणि घरी सरावाला स्पीड बॅग, म्हणजे फळीखाली टांगून ठोसे मारायची हवा भरलेली छोटी बॅग, घ्यायची ठरली, तेव्हा मीही तेच धरून चाललो. सहा इंच लांब, चार इंच रुंद, चकचकीत लाल अशी बॅग उचलून आणली. माझ्या मुठीहून जरा मोठी, एवढीच. मनात म्हटलं, एवढीशी तर आहे, हिला वाजवायला काय लागतं!

पहिला ठोसा लागला. दुसरा हवेत गेला. तिसरा मारायला हात उचलतोय तोवर तिनंच माझ्या मनगटावर टोला हाणला. पुढची पंधरा मिनिटं मी माश्या मारत होतो, असं लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. सर माझ्याहून वीस वर्षांनी लहान. मी त्यांना सर म्हणतो, ते मला काका म्हणतात; माझा व्यायामाचा निम्मा उत्साह त्या ‘काका’तच जातो. त्यांनी विचारलं, “ही घ्यायला दुकानदारानं सांगितलं का?” म्हटलं, “नाही, माझीच निवड.” “मग बरोबर,” ते म्हणाले. “काका, मोठी घ्या, मोठी. दहा बाय सातची.”

या बॅगांचं माप लांबी आणि रुंदी असं इंचांत सांगतात. दहा बाय सात, नऊ बाय सहा, आठ बाय पाच असं उतरत उतरत माझ्या त्या लाल भिंगरीपर्यंत. कंपनीगणिक थोडा फरक पडतो, पण नियम एकच: बॅग जितकी लहान तितकी चपळ. मोठी जड असते, हवा कापत सावकाश जाते, सावकाश परत येते. ठोसा मारून झाल्यावर विचार करायला सवड देते. शिकणाऱ्याला हवी असते ती ही सवड. लहान बॅग ज्यांचा हात बसलाय त्यांच्यासाठी.

मोठी टांगली तेव्हा कळलं की हे काम डोळ्यांचं कमी आणि कानांचं जास्त आहे. बॅग वरच्या गोल लाकडी फळीखाली लोंबते. ठोसा मारला की पलीकडे जाऊन फळीवर आपटते, अलीकडे येऊन आपटते, पुन्हा पलीकडे आपटते. तीन आवाज. त्यानंतर ती परत येत असताना पुढचा ठोसा. ठोसा, एक-दोन-तीन, ठोसा, एक-दोन-तीन. तबला शिकणारा आधी हातावर मात्रा मोजतो, तसं मी आठवडाभर नुसतं मोजत होतो. वेग वाढला की हे तीन आवाज एकमेकांत मिसळून नुसता गडगडाट होतो, आणि नवख्याला त्या गडगडाटाचीच भूल पडते. लहान बॅगेवर मला हे तीन आवाज कधी वेगळे ऐकूच आले नव्हते.

आणि जोर? तो लागतच नाही. माझा इथं फार अपेक्षाभंग झाला. दिवसभराचा राग काढायला आलेल्या माणसानं जड बॅगेकडे, त्या पोत्यासारख्या लांबलचक टांगलेल्या बॅगेकडे जावं. ती मुकाट्यानं सोसते. स्पीड बॅगेला जितकं जोरात माराल तितकी ती वेडीवाकडी पळते. हनुवटीच्या उंचीवर हात धरून मुठीनं लहान लहान वर्तुळं काढायची, बस्स. तीन मिनिटांची एक फेरी झाली की दुखतात ते खांदे, मुठी नव्हेत. हात खाली न सोडण्याची सवय लागते ती अशी.

हवेचंही एक शास्त्र आहे. मी आपली टणक होईपर्यंत भरली. टणक बॅग जास्त उसळते, म्हणजे मोठी घेऊन मिळवलेली सवड हवेत घालवली, शिवाय शिवणीवर ताण. अंगठ्यानं दाबल्यावर किंचित दबली पाहिजे. सुरुवातीला अजून थोडी हवा सोडली तर ती आणखी संथ होते, हे मला फार उशिरा कळलं. पंपाची सुई ओली करून घालायची असते, हे तर आतलं ब्लॅडर, म्हणजे हवेची रबरी पिशवी, फाटल्यावर कळलं. चामडं की रेक्झिन यावर मात्र डोकं शिणवू नये. चामडं टिकतं, पण आपला उत्साह किती टिकतो ते आधी बघावं.

बॅग निवडताना फळीकडे कोणी बघत नाही, मीही नाही बघितलं. फळी जराशी हलली तरी बॅग ताल सोडते, आणि दोष आपण स्वतःच्या हाताला देत बसतो. पक्की भिंत हवी, जाड फळी हवी, आणि बॅगेचा सगळ्यांत फुगीर भाग साधारण हनुवटीच्या रेषेत. माझी फळी चार बोटं उंच बसली होती. पहिले दोन दिवस मी टाचा उचलून सराव केला आणि पायांचं काम छान होतंय असं समजत राहिलो. या सगळ्याचा आवाज घरभर जातो, हेही घेण्याआधी घरच्यांना सांगितलेलं बरं. मी सांगितलं नव्हतं.

परवा पहिल्यांदा न मोजता वीस ठोसे सलग बसले. सरांना मोबाइलवर दाखवलं. त्यांनी पूर्ण पाहिलं, मान डोलावली आणि विचारलं, “छान काका. डावा हात कुठंय?”

डावा हात हनुवटीपाशी नुसता उभा होता, पाहुण्यासारखा. त्याची गाडी अजून पहिल्या आवाजावरच अडली आहे.